मँगोस्टीनच्या बीची घाई

आमच्या घरी बी म्हटली की ती वाळवायची, हे आजीच्या काळापासून ठरलेलं. वेलावरचा पहिला टपोरा भोपळा कापायचा नाही, तो बियांसाठी राखायचा. काकडीच्या, पडवळाच्या, भेंडीच्या बिया राखेत घोळायच्या, सुपात पसरून ऊन द्यायचं आणि फडक्यात बांधून चुलीवरच्या फळीवर ठेवायच्या. धुरामुळे कीड लागत नाही. मिरगाचा पाऊस पडला की गाठोडं सोडायचं. त्यामुळे केरळातून आलेल्या चार मँगोस्टीनमधून पाच मोठ्या बिया हाती लागल्या, तेव्हा मी त्या धुतल्या आणि पडवीत वर्तमानपत्रावर आठवडाभर वाळत ठेवल्या. मग नीट माती करून पेरल्या आणि दोन महिने पाणी घातलं. एकही उगवली नाही. उकरून पाहिलं तर सालीच्या आत काळा लगदा होता.

बिया वाईट नव्हत्या. वाळवल्यामुळे त्या मेल्या होत्या. पेरल्या तेव्हा मी मेलेल्या बियाच पेरल्या होत्या.

बियांच्या या दोन स्वभावांना नावं मिळाली ती १९७३ मध्ये. बीजशास्त्रज्ञ एरिक रॉबर्ट्स यांनी वाळवून साठवता येणाऱ्या बियांना ‘ऑर्थोडॉक्स’ म्हटलं, म्हणजे रीतीप्रमाणे वागणाऱ्या. आणि वाळवलं की मरणाऱ्यांना ‘रिकॅल्सिट्रंट’, म्हणजे कुणाला न जुमानणाऱ्या. भात, ज्वारी, तूर, भेंडी या पहिल्या प्रकारातल्या. दाणा पिकत येतो तसं झाड स्वतःच त्यातलं पाणी कमी करत जातं. पेशींमधल्या साखरा आणि काही खास प्रथिनं पाण्याची जागा घेतात, आतलं सगळं काचेसारखं थिजतं आणि श्वास जवळजवळ थांबतो. अशी बी कणगीत वर्षभर झोपून राहते आणि पाणी मिळालं की जागी होते. दुसऱ्या प्रकारची बी ही झोप शिकलेलीच नसते. फळातून बाहेर पडते तेव्हा ती ओली आणि जागी असते, तिचा श्वास चालू असतो. उगवण्याचं काम तिच्या आत कधी थांबलेलंच नसतं. तिच्यातलं पाणी काढून घेणं म्हणजे कोवळ्या रोपाला उन्हात उपटून ठेवणं.

खरं तर हे मला माहीत असायला हवं होतं. फणसाच्या आठळ्या आणि आंब्याचे बाठे आपण कधी पुढच्या वर्षासाठी ठेवत नाही. आठळी भाजीत नाही गेली तर फणस फोडल्यानंतर थोड्याच दिवसांत मातीत जाते. बाठा जूनमध्ये उकिरड्यावर पडतो आणि आषाढात तांबूस पानं घेऊन वर येतो. जायफळाची बी ताजी असतानाच लावायची, हे आगर करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ही सगळी ओल्या बीची झाडं. ज्या रानात बाराही महिने ओल असते तिथे बीला वाट पाहण्याचं कारण नसतं. पडली की रुजावं, नाहीतर बुरशी आणि उंदीर आहेतच. मँगोस्टीन अशाच रानातून आलं.

या स्वभावाची एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ मध्ये बियाण्यांची मोठी तिजोरी सुरू झाली. डोंगराच्या पोटात उणे १८ अंशांत जगभरच्या पिकांचं बियाणं तिथे ठेवतात. तिथे भात आहे, गहू आहे, कडधान्यं आहेत. मँगोस्टीन, आंबा, फणस, जायफळ यांना तिथे जागा नाही, कारण त्यांची बी ना वाळवता येते, ना गोठवता येते. ही झाडं जपायची तर उभीच जपावी लागतात, कुणाच्या तरी परसात, कुणाच्या तरी बागेत.

फळ ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लहान संत्र्याएवढं, जांभळट काळं, वर चार जाड हिरव्या पाकळ्यांची टोपी. ती टोपी फुलाच्या निदलांची असते आणि फळाला शेवटपर्यंत चिकटून राहते. साल बोटभर जाड आणि आतून किरमिजी. तिचा डाग कपड्यावर पडला की निघत नाही, म्हणून आग्नेय आशियातल्या कित्येक हॉटेलांत खोलीवर मँगोस्टीन नेऊ देत नाहीत. सालीच्या आत लसणीच्या कुड्यांसारख्या पांढऱ्याशुभ्र फोडी असतात, चार ते आठ. किती, ते फळ न फोडताही सांगता येतं: फळाच्या बुडाशी फुलासारखा जो ठसा असतो, त्याच्या पाकळ्या मोजायच्या. फुलातल्या कुक्षीचे जितके भाग, तितक्याच आत फोडी. इंडोनेशियात मुलं यावर पैज लावून खेळतात. चव शब्दांत पकडणं अवघड आहे. गोड, पण ताडगोळ्यासारखी नुसती गोड नाही. मागे हलकी आंबट धार असते आणि सुवास जिभेवर रेंगाळतो.

मलय भाषेत याला मँगिस म्हणतात, थायलंडात मँगखुत. तिकडे दुरियानला फळांचा राजा मानतात आणि मँगोस्टीनला राणी. दुरियान उष्ण, त्यावर मँगोस्टीन थंड, असा खाण्याचा जोडही लावतात. लिनीयसने १७५३ मध्ये या झाडाला ‘गार्सिनिया मँगोस्टाना’ हे शास्त्रीय नाव दिलं, लॉरें गार्सां या वैद्य-निसर्गअभ्यासकाची आठवण म्हणून. हे गार्सां डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत पूर्वेकडे हिंडले होते. ‘गार्सिनिया’ या नावापाशी कोकणी माणसाने थांबायला हवं. आपला रातांबा म्हणजे ‘गार्सिनिया इंडिका’. आमसूल, आगळ, सोलकढी ज्या फळातून येते, ते मँगोस्टीनचं सख्खं भावंड. दोघांची साल जांभळी, दोघांची पानं जाड आणि समोरासमोर, दोघांच्या खोडाला चीर दिली की पिवळा चीक येतो. आपण रातांब्याची साल घेतो आणि गर बाजूला सारतो. मँगोस्टीनचा गर खातात आणि साल टाकतात.

व्हिक्टोरिया राणीने ताजं मँगोस्टीन आणून देणाऱ्याला शंभर पौंडांचं बक्षीस लावलं होतं, अशी गोष्ट जगभर सांगितली जाते. ती पसरली डेव्हिड फेअरचाइल्ड या अमेरिकी वनस्पतिशोधकाच्या १९३० च्या पुस्तकातून. जुन्या कागदपत्रांत तिला आधार सापडलेला नाही. पण तिच्यामागची अडचण खरी होती. जहाज मलायाहून लंडनला पोचेपर्यंत फळ खराब व्हायचं आणि बीही मरायची. गव्हाचं पोतं समुद्र ओलांडून गेलं, मिरचीची बी खिशातून गेली; मँगोस्टीन मात्र तसं जाऊ शकत नव्हतं. इंग्लंडमध्ये काचघरात वाढवलेल्या झाडाला फळ धरलं ते १८५५ च्या सुमारास. जगातली बरीच फळं माणसाबरोबर कुठल्या कुठे पोचली असताना हे एक फळ आपल्या मुलखाच्या आसपासच राहिलं, याचं एक मोठं कारण त्याची बी आहे.

आता या बीचं खरं नवल. हापूसचा बाठा पेरला तर हापूस येत नाही, रायवळ येतो, हे कोकणात शाळकरी पोरालाही माहीत असतं. बाठ्यात अर्धा वाटा आईचा, अर्धा कुठल्याशा दुसऱ्या झाडाच्या परागाचा. माशीने तो कुठून आणला कुणास ठाऊक. म्हणून हापूस हवा तर कलमच बांधावं लागतं. मँगोस्टीनची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या फुलात पुंकेसर दिसतात, पण ते वांझ असतात, त्यांच्यात कामाचे पराग नसतात. नर झाड कुठे असल्याची खात्रीलायक नोंद नाही. तरीही फळ धरतं आणि फळात बी धरते, कारण गर्भ तयार होतो तो आईच्याच पेशींपासून, बीजांडाच्या आवरणातल्या. पराग नाही, फलन नाही, बापाचा वाटा नाही. वनस्पतिशास्त्रात याला असंगजनन म्हणतात. मी सोप्या भाषेत असं म्हणेन: मँगोस्टीनची बी म्हणजे झाडाने स्वतःच्या हाताने बांधलेलं कलम. ती लावली की येणारं झाड आईच्याच वळणावर जातं. तीच चव, तीच साल, तोच हंगाम.

ही बी फोडून पाहिली तरी वेगळेपण दिसतं. हरभरा किंवा घेवडा भिजवून सोलला की दोन डाळिंब्या सुट्या होतात आणि मध्ये इवलासा कोंब दिसतो. मँगोस्टीनच्या बीत डाळिंब्या नाहीत, कोंबही वेगळा दिसत नाही. सगळा मिळून एकच घट्ट गोळा. त्याचे तुकडे केले तरी तुकड्यांतून रोपं येऊ शकतात. प्रयोगशाळांनी या गुणाचा उपयोग करून पाहिला आहे. सुरणाची गड्डी डोळे धरून कापून लावतात तसंच हे जवळपास. म्हणून मला ही बी बीपेक्षा कंदाच्या जवळची वाटते.

असं झाड मुळात आलं कुठून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मलाया आणि आसपासच्या रानांत वाढणाऱ्या दोन गार्सिनिया जातींचा हा संकर असावा, असं बरीच वर्षं मानलं गेलं. अलीकडच्या अभ्यासांत यांपैकी ‘गार्सिनिया मलाक्सेन्सिस’ या रानजातीशी त्याचं नातं सर्वांत जवळचं दिसतं. कसंही असलं, तरी त्या मुलखातल्या माणसांना कधीतरी एक गोड झाड सापडलं, त्यांनी त्याच्या बिया घराजवळ लावल्या आणि तेच झाड पुन्हा पुन्हा उगवत राहिलं. आंब्याच्या शेकडो जाती आपण नावं घेऊन सांगतो. मँगोस्टीनला तसं गोत नाही. डीएनएच्या तपासण्यांत झाडाझाडांत थोडे फरक मिळाले आहेत, फळाच्या आकारात आणि सालीच्या जाडीतही मिळतात, पण आंब्याइतकी विविधता नाही. यात धोकाही आहे. एखादा रोग एका झाडाला भारी पडला तर दुसऱ्याला वाचवणारा वेगळा गुण त्याच्या गाठीशी असेलच असं नाही.

रातांब्याची वाट उलट आहे. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी. बी लावली तर साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जावी लागतात. तोवर शिंपण, खत, राखण सगळं दोघांना सारखंच. म्हणून दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’सारखी निवडलेली जात कलमांनी पसरवली. कलमाच्या काडीलाही एक गोम असते: सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी बांधली तर झाड उंच वाढतं, आडव्या फांदीची बांधली तर ते आडवंच पसरतं. मँगोस्टीनलाही हेच लागू. पण मँगोस्टीनचं कलम करून जात सुधारत नाही, कारण बीतून येणारं झाडही तेच असतं. कलमाने एवढंच होतं की फळ काही वर्षं आधी दिसतं. त्याबदल्यात झाड बहुधा लहान राहतं आणि फळंही कमी देतं. ज्याला जागा आहे आणि ज्याचा धीर पक्का आहे, त्याने बीचंच झाड लावावं, असं माझं मत आहे.

आता लावण्याविषयी. दुसऱ्या वर्षी मी शहाणा झालो होतो, तो अनुभव सांगतो.

फळ निवडताना साल अंगठ्याने दाबून पाहायची. थोडी दबली तर फळ ताजं. दगडासारखी कडक असेल तर ते जुनं झालेलं किंवा आपटलेलं. प्रत्येक फोडीत बी नसते. फोडींतली एक किंवा दोन मोठी असतात, त्यांतच भरलेली बी मिळते. बाकीच्यांत नुसती पापुद्र्यासारखी खूण असते. मोठी बी निवडणं हे या कामातलं सर्वांत महत्त्वाचं. फ्लोरिडात १९४०च्या दशकात झालेल्या अभ्यासात एक ग्रॅमपेक्षा हलक्या बियांची रोपं फारशी टिकली नाहीत, असं दिसलं होतं. याचं कारण कळण्यासारखं आहे. पुढचे कित्येक महिने रोप या शिदोरीवरच जगणार असतं. घरात सोनं तोलायचा काटा नसला तरी चालेल. चपट्या बिया बाजूला सारा, फुगीर तेवढ्या ठेवा.

बीला चिकटलेला गर बोटांनी चोळून पूर्ण काढायचा. राहिला तर मुंग्या येतात आणि बुरशी धरते. गर काढायला राखेचा मोह होतो, पण राख पाणी शोषते, इथे नको. मग एक दिवस बी साध्या पाण्यात भिजत ठेवायची, त्याने रुजवण लवकर आणि बरी होते. फळाच्या आत बी तीन ते पाच आठवडे तग धरते, बाहेर काढून उघडी ठेवली तर पाचेक दिवसांत संपते. कुणाला पाठवायची असेल तर ओलसर काथ्याच्या भुशात घालून बंद डब्यात पाठवावी. अशी ती तीन महिनेही जिवंत राहिल्याची नोंद आहे. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, थंडीनेही ती मरते. आणि पाकिटात वाळक्या ‘मँगोस्टीन सीड्स’ टपालाने विकणारे जे कुणी आहेत, त्यांच्याकडून एक पैशाच्याही बिया घेऊ नका. त्या उगवूच शकत नाहीत.

पिशवी खोल हवी. कारण सांगायला थोडं मुळांबद्दल बोलावं लागेल. बीच्या एका टोकाने मूळ निघतं आणि दुसऱ्या टोकाने कोंब. काही दिवसांनी कोंबाच्या बुडाशी दुसरं मूळ फुटतं आणि पुढे झाडाचं मुख्य मूळ तेच होतं. पहिलं मागे पडतं. म्हणून बी आडवी, मातीखाली बोटाच्या एका पेराएवढीच ठेवायची, म्हणजे दोन्ही टोकांना मोकळीक राहते. हे सोटमूळ सरळ खाली जातं, पण त्याला बाजूची मुळं फार थोडी असतात आणि पाणी ओढणारे बारीक मूळकेस जवळजवळ नसतात. दुसरी झाडं मातीतून हजार तोंडांनी पाणी पितात, हे बिचारं मोजक्याच तोंडांनी. या झाडाच्या संथपणाचं निम्मं कारण इथे आहे. मूळ पिशवीच्या तळाला लागून वळलं किंवा लावताना दुखावलं, तर रोप वर्षभर रुसून बसतं, नाहीतर मरतं. मी हातभर उंचीच्या अरुंद पिशव्या घेतल्या. त्यात जांभ्याच्या डोंगराखालची लाल माती, कुजलेला पातेरा आणि थोडा काथ्याचा भुसा घातला. जुन्या रातांब्याच्या बुडाखालची माती दोन मुठी मिसळली. गार्सिनियाच्या मुळांशी सहजीवनाने राहणारी बुरशी अशा मातीत असते आणि मूळकेस नसलेल्या झाडाला तिचा फार आधार होतो.

तीन आठवड्यांनी, बाविसाव्या दिवशी, पहिला कोंब दिसला. त्यानंतर महिनाभरात आणखी पाच. नऊ बियांतल्या सहा उगवल्या. सुरुवातीची पानं गुलाबीसर तांबूस असतात, मग हिरवी होतात, जाड होतात, चकाकतात. एका वेळी पानांची एकच जोडी येते आणि मग झाड थांबतं. आठवडे जातात, कधी महिने जातात, शेंडा हलत नाही. अशा वेळी माणूस घाबरतो, जास्त पाणी घालतो, खत घालतो. घालू नये. त्या काळात मूळ खाली चाललेलं असतं. वीतभराचं रोप व्हायला वर्ष लागतं, फुटभराचं व्हायला दोन. शेवग्याची बी लावली तर तेवढ्या वेळात शेंगा खाऊन होतात.

पहिली दोन-तीन वर्षं रोपाला ऊन निम्मंच हवं. रानात ते मोठ्या झाडांच्या छायेत वाढतं, ती सवय त्याच्या अंगात आहे. उघड्या उन्हात पानांच्या कडा करपतात. माडाच्या झापांचा मांडव घातला की पुरतो. पाणी रोज, पण साचलेलं नको. लावणी एकदाच, पावसाच्या तोंडाला, मातीचा गोळा न फोडता, कायमच्या जागी.

जागेबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण हौसेपोटी कुठेही रोप लावलेलं मी पाहतो. मँगोस्टीनला दमट हवा, वर्षभर ओल, २५ ते ३५ अंशांच्या आसपासची ऊब आणि आम्लधर्मी, पातेऱ्याने भरलेली खोल माती हवी. पारा ३८-४० अंशांवर गेला की वाढ थांबते. कडाक्याच्या थंडीत कोवळी रोपं मरतात. देशावरची काळी, चुनखडीची जमीन, मार्चपासूनची कोरडी झळ आणि डिसेंबरची थंडी हे तिन्ही या झाडाच्या मुळावर येणारं आहे. नाशिक, नगर, सोलापूर, विदर्भ इथे अंगणात ते लावणं म्हणजे झाडाला त्रास आणि आपल्याला दुःख. तिथली माती सीताफळ, चिंच, कवठ किती सुंदर वाढवते! त्यांना तो मान द्यावा.

कोकण आणि गोव्यात मात्र याला जागा आहे, पण तीही सगळीकडे नाही. कातळावर नाही, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडी नाही. जागा आहे ती आगरात. माड-पोफळींची अर्धी सावली, पाटाचं पाणी, बुंध्याशी कुजणारी सोडणं आणि चुडतं: नेमकी हीच परिस्थिती मँगोस्टीन आपल्या मुलखात मागतं. जिथे जायफळ सुखाने वाढतं तिथे मँगोस्टीनचा विचार करायला हरकत नाही. कोकणात अडचण एकच, पण मोठी. आपला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो, तरी ऑक्टोबर ते मे माती कोरडी होते. मलायात असं होत नाही. म्हणून आळ्यात वीतभर पातेऱ्याचं आच्छादन आणि विहिरीला एप्रिल-मे महिन्यांतही पाणी, या दोन गोष्टी असतील तरच लावा. माझ्या सहांपैकी दोन रोपं गेली ती अशीच, एका मे महिन्यात विहीर आटली तेव्हा. चार उभी आहेत. सर्वांत उंच आता माझ्या खांद्याला लागतं.

फळ कधी? हा प्रश्न सगळे विचारतात. चांगली जागा आणि चांगली निगा असेल तर लावल्यापासून सात ते नऊ वर्षं. नाहीतर दहा, पंधरा, वीससुद्धा. आधी झाड समोरासमोरच्या फांद्यांच्या जोड्यांवर जोड्या रचत शंकूच्या आकारात वर चढतं आणि तो डोलारा पुरेसा झाल्याशिवाय फुलत नाही. फुलण्याआधी दोन-चार आठवड्यांचा कोरडा ताण लागतो. म्हणजे सतत ओल मागणारं हे झाड फुलासाठी मात्र थोडी तहान मागतं. फळ पिकत असताना धो धो पाऊस झाला तर सालीतला पिवळा चीक आत उतरतो आणि गर कडू होतो, किंवा फोडी पारदर्शक आणि करकरीत होतात. सुरुवातीच्या बहरात दोन-तीनशे फळं मिळू शकतात. पुढे आकडा चढत जातो आणि जुन्या मद्रास इलाख्यात वीस ते पंचेचाळीस वर्षांच्या झाडांनी दोन-तीन हजार फळं दिल्याच्या नोंदी आहेत. शंभरी गाठलेली झाडंही फळतात.

भारतात हे झाड नवं नाही. निलगिरीत कुन्नूरच्या घाटात कल्लार आणि बर्लियार इथल्या सरकारी फळबागांत मँगोस्टीनची जुनी झाडं आहेत. घाटातल्या त्या दमट कपारींत त्यांना वर्षात दोन हंगाम मिळतात, एक एप्रिल ते जून आणि दुसरा जुलै ते ऑक्टोबर. केरळात चालकुडी नदीकाठचं परियारम हे गाव तर मँगोस्टीनचंच म्हणून ओळखलं जातं. तिथे घरांच्या आवारात पिढ्या पाहिलेली झाडं उभी आहेत. आणि बेपूरला वैकम मुहम्मद बशीर यांच्या घरासमोरचं मँगोस्टीन साऱ्या केरळाला माहीत आहे. त्या झाडाखाली आरामखुर्चीत बसून मल्याळममधले हे थोर कथाकार ग्रामोफोनवर गाणी ऐकत, आल्यागेल्याशी बोलत. लेखकाच्या नावाशी इतकं जोडलं गेलेलं दुसरं फळझाड मला तरी माहीत नाही.

जूनच्या आसपास केरळातलं मँगोस्टीन मुंबई-पुण्याच्या आणि गोव्याच्या बाजारात येऊ लागतं. नेमका तोच आपल्याकडे लावणीचा काळ. आगर असेल, विहिरीला मे महिन्यात पाणी असेल, तर अर्धा किलो फळं घ्या, आवडीने खा आणि मोठ्या फोडींतल्या फुगीर बिया त्याच संध्याकाळी धुऊन पाण्यात घाला. दुसऱ्या दिवशी त्या पिशवीत गेल्या पाहिजेत. आगर नसेल तर ज्याचं आहे त्याला ओल्या काथ्यात घालून पाठवा. फक्त वाळवू नका.